दातातली कीड: कधीच नसलेल्या प्राण्याचा इतिहास

मराठीत दात 'किडतो', दाढेला 'कीड लागते'. हिंदीभाषक 'दाँत में कीड़ा' म्हणतात, बंगालीत दातात 'पोका' होतो. जपानी भाषेत किडलेल्या दाताला 'मुशिबा' म्हणतात. मुशी म्हणजे किडा, बा म्हणजे दात. जर्मन लोकपरंपरेत 'त्साह्नवुर्म', अर्थात दातातला जंत, शतकानुशतके नांदला. चीनमध्ये शांग राजवटीच्या काळात भविष्यकथनासाठी वापरलेल्या हाडांवर जी लिपी कोरलेली आढळते, तीत दंतक्षयाचे चिन्ह म्हणजे दातांपाशी वळवळणारी अळीच आहे.

एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या इतक्या समाजांचे ज्या प्राण्याविषयी एकमत झाले, तो प्राणी मात्र कधीही अस्तित्वात नव्हता. किडलेल्या दातात कीड नसते. तरीही ती लोकांनी 'पाहिली', ताटात काढून दाखवली, तिच्यावर औषधे शोधली, आणि अभ्यासकांनी पुनःपुन्हा खोटी ठरवल्यानंतरही ती दीडदोनशे वर्षे टिकून राहिली. ती का टिकली, हा या धाग्याचा विषय आहे.

आरंभ बॅबिलोनपासून करावा लागतो. ब्रिटिश म्युझियममध्ये कीलाक्षर लिपीतील एक मातीची पाटी आहे. इ.स.पू. पहिल्या सहस्रकातील या पाटीवर दातदुखीचा मंत्र असून त्यात सृष्टीच्या उत्पत्तीची कथा गुंफलेली आहे. अनू देवाने आकाश निर्मिले, आकाशाने पृथ्वी, पृथ्वीने नद्या, नद्यांनी कालवे, कालव्यांनी दलदल आणि दलदलीने कृमी. हा कृमी रडत देवांकडे जातो व आपल्या वाट्याला अन्न कोणते, असे विचारतो. पिकलेली फळे देऊ केली असता ती त्याला नको असतात. त्याला जागा हवी असते माणसाच्या दात आणि हिरडीच्या मधली, रक्त शोषण्यासाठी. मंत्राच्या शेवटी वैद्याला सूचना आहे: बीअर, एक वनस्पती आणि तेल एकत्र करावे, मंत्र तीनदा म्हणावा व औषध दातावर ठेवावे. मारी या प्राचीन नगराच्या उत्खननात मिळालेला दातदुखीचा एक मंत्र याहूनही जुना, सुमारे इ.स.पू. अठराव्या शतकातील आहे.

येथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. समाजमाध्यमांवर, आणि दुर्दैवाने काही दंतवैद्यकीय संकेतस्थळांवरही, 'इ.स.पू. ५००० मधील सुमेरियन ग्रंथात दातातल्या किडीचे वर्णन आहे' हे वाक्य हमखास आढळते. इ.स.पू. ५००० मध्ये जगात कोठेही लेखनकला नव्हती. कीलाक्षर लेखनाची सुरुवात इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या अखेरीची आहे. गैरसमजाचा इतिहास सांगतानाही गैरसमज कसा पसरतो, याचा हा मासला.

इतक्या दूरच्या काळाचा पुरावा हवाच असेल तर तो ग्रंथात नाही, हाडांत आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे नऊ व्यक्तींच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने कोरलेली छिद्रे आढळली. त्यांचे वय सुमारे ७५०० ते ९००० वर्षे असून हा शोध २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. छिद्रांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे ती जिवंत माणसाच्या तोंडात पाडली गेली आणि त्यानंतरही ती माणसे त्या दाढांनी चावत राहिली. त्यांच्या मनात किडीची कल्पना होती की नव्हती, हे हाडे सांगू शकत नाहीत.

आता ही कल्पना मूर्खपणाची होती का? मुळीच नाही. शेती करणाऱ्या माणसाने किडलेले धान्य पाहिले होते, भुंग्याने पोखरलेला जोंधळा पाहिला होता, अळी पडलेले बोर आणि वाळवी लागलेले लाकूड पाहिले होते. बाहेर बारीक भोक आणि आत पोकळी, हे दृश्य जेथे जेथे दिसे तेथे आत कोणीतरी राहत असे. दातात तसेच भोक दिसले तर आत कोणीतरी आहे असे समजणे हे निरीक्षणावर आधारलेलेच अनुमान होते. त्यातून दुखणे थांबून थांबून ठणकते, रात्री आडवे झाले की वाढते. आत काहीतरी कुरतडत आहे, असेच वाटते. शिवाय उपटलेल्या दातातून कधी दंतमज्जेचा पांढुरका तंतू लोंबताना दिसतो. तो पाहणाऱ्याला अळीशिवाय दुसरे काय आठवावे?

भारतीय वैद्यकात या कल्पनेचे रूप थोडे निराळे आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात 'कृमिदंतक' नावाचा दंतरोग येतो. काळे छिद्र, हलणारा दात, स्राव, सूज आणि विनाकारण उसळणारी तीव्र वेदना ही त्याची लक्षणे. नावात कृमी असला तरी दोष वाताचा सांगितला आहे. चिकित्सेत स्वेदन, रक्तमोक्षण, लेप व गुळण्या आहेत, आणि दात हलत असेल तर तो काढून ती पोकळी डागावी असे म्हटले आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर कार्यकारणाचा क्रमच उलटा आहे: आधी दात पोकळ होतो, त्यात अन्नाचा मळ साचतो, तो कुजतो आणि मग सूक्ष्म कृमी निर्माण होतात. येथे कृमी हे रोगाचे कारण नाही, परिणाम आहे. यावरून प्राचीन वैद्यांना जंतुशास्त्र ठाऊक होते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. साचलेले अन्न आणि दंतक्षय यांचा संबंध मात्र त्यांनी नेमका हेरला होता, आणि तेवढे श्रेय पुरेसे आहे.

ओघात आणखी एक गोष्ट. दातांवरचे कीटण वैद्याकडून काढून घेतले की दात ढिले होतात, ही समजूत आज महाराष्ट्रात घरोघरी आढळते, आणि ती बोलून दाखवताना 'आपल्या परंपरेत असले काही नव्हते' असेही ऐकू येते. सुश्रुतसंहितेत हे कीटण 'दंतशर्करा' या नावाने आले आहे, आणि दातांच्या मुळांना इजा न करता वैद्याने ते काढावे, असा स्पष्ट निर्देश आहे. त्यासाठी 'दंतशंकू' नावाचे शस्त्रही आहे. कीटणामुळे हिरडी आधीच मागे सरकलेली असते आणि दाताचा आधार गेलेला असतो. कीटणाचा थर निघाल्यावर ती रिकामी जागा केवळ जाणवू लागते.

किडीवरचा सर्वांत प्रसिद्ध उपाय होता धुरी. सम्राट क्लॉडियसच्या काळातील रोमन वैद्य स्क्रिबोनियस लार्गस याने इ.स. ४७ च्या सुमारास लिहिलेल्या औषधसंग्रहात ती दिली आहे. खुरासानी ओव्याचे बी निखाऱ्यावर टाकावे, त्याचा धूर उघड्या तोंडात घ्यावा आणि कोमट पाण्याने चूळ भरावी. कधीकधी बारीक कृमी बाहेर पडतात, असे तो सांगतो. इब्न सीनाच्या 'कानून'मध्ये खुरासानी ओव्याबरोबर कांद्याचे व तत्सम बी चरबीत मळून धुरी देण्याची कृती आहे. युरोपात ही पद्धत मध्ययुगभर चालली. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात हीच पद्धत रिंगणीच्या बियांची आहे. भुईरिंगणीची पिवळी फळे वाळवून त्यांचे बी तेला-तुपासह निखाऱ्यावर टाकायचे आणि नळीने वा चिलमीने धूर दुखऱ्या दाढेवर घ्यायचा. 'कीड पडली' असे म्हणून पाण्यात काहीतरी दाखवले जाण्याच्या हकिकती घरोघरी सांगितल्या जातात.

मग पाण्यात जे दिसे ते काय होते? याचे उत्तर १७५७ मध्ये रेगेन्सबर्ग येथील धर्मोपदेशक व निसर्गअभ्यासक याकोब क्रिस्टियान शेफर याने दिले. दातांतल्या काल्पनिक किड्यांवर त्याने एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. उष्णतेने खुरासानी ओव्याचे बी फुटते आणि आतला अंकुर बाहेर उडतो. हा अंकुर पांढरट, बारीक आणि वाकडा असतो. तो जवळच्या पाण्यात पडला की हुबेहूब अळीसारखा दिसतो. तोंडात दात असो वा नसो, माणूस समोर बसलेला असो वा नसो, बी भाजले की 'किडे' पडणारच. रोगी आपल्या डोळ्यांनी पुरावा पाहत होता आणि तो पुरावा औषधातूनच येत होता.

शेफर पहिला नव्हता. तेराव्या शतकात दमास्कसच्या अल्-जौबरीने भोंदूंच्या क्लृप्त्या उघड करणारा एक अरबी ग्रंथ लिहिला, त्यात दातातून किडे काढणाऱ्यांनाही स्थान मिळाले आहे. डेल्फ्टच्या आंतोनी फान लेवेनहूकने १६८३ च्या सप्टेंबरात लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून आपल्याच दातांवरच्या पांढऱ्या लेपात असंख्य जिवंत 'प्राणी' हलताना दिसल्याचे कळवले. रोज मिठाने दात घासणारा हा कापडव्यापारी त्या दृश्याने चकित झाला होता. पुढे धुरीने दातातून निघाल्याचे सांगितलेले खरेखुरे किडे त्याच्याकडे तपासणीसाठी आले, तेव्हा त्याने ते जुन्या चीजमध्ये आढळणाऱ्या अळ्यांशी ताडून पाहिले व दाताशी त्यांचा संबंध नाकारला. १७२८ मध्ये पॅरिसच्या पिएर फोशारने दंतवैद्यकावरचा आपला दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. नुसत्या डोळ्यांनी आणि सूक्ष्मदर्शकाखाली शोधूनही आपल्याला किडलेल्या दातांत असे किडे आढळले नाहीत, असे त्याने नोंदवले. (याच फोशारने दातांसाठी स्वतःच्या ताज्या मूत्राने गुळण्या करण्याची शिफारस केली होती, हेही नोंदवणे न्यायाचे ठरेल. एका बाबतीत बरोबर असणारा माणूस सर्वच बाबतींत बरोबर असतो, असे इतिहासात क्वचित घडते.)

म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कीड नाही हे दाखवून झाले होते आणि जे दिसते ते काय आहे हेही दाखवून झाले होते. तरीही धुरी थांबली नाही. एकोणिसाव्या शतकातही युरोपच्या खेड्यांत ती चालू होती. लोक अडाणी होते म्हणून, हे नेहमीचे उत्तर आळशी आहे. खरी कारणे तीन तरी दिसतात.

पहिले कारण साधे आहे: कीड नाही हे सांगणाऱ्यांकडे 'मग दात का किडतो?' याचे समाधानकारक उत्तर नव्हते. फोशारची कारणमीमांसा अजून शरीरातील रसांच्या बिघाडाभोवतीच घुटमळत होती.

दुसरे कारण पर्यायाचे. दातावरचा खात्रीचा इलाज म्हणजे तो उपटणे, आणि ते जाग्या माणसाच्या तोंडात करावे लागे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथे हॉरेस वेल्सने १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढून घेतला, आणि १८४६ मध्ये बॉस्टनला विल्यम मॉर्टनने ईथरचे प्रात्यक्षिक केले. त्याआधी चिमटा आणि धुरी यांत निवड करायची असता माणसाने धुरी निवडली, यात नवल ते काय?

तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत कमी सांगितले जाणारे आहे. धुरी लागू पडत असे, निदान तसे दिसे. खुरासानी ओव्यात गुंगी आणणारी द्रव्ये असतात, त्यामुळे थोडा आराम वाटणे शक्य होते; पण मुख्य गोष्ट ती नव्हे. दंतक्षय दंतमज्जेपर्यंत पोहोचला की दाह होतो आणि असह्य ठणका लागतो. काही दिवसांनी ती मज्जा मरते. मज्जा मेली की दुखणे आपोआप थांबते. माणूस उपाय शोधायला निघतो ते दुखणे शिगेला पोहोचल्यावर. म्हणजे नेमके ते थांबण्याच्या थोडेसे आधी. अशा वेळी धुरी घ्या, मंत्र म्हणा, लवंग धरा किंवा काहीच करू नका, वेदना ओसरण्याचा संभव मोठा असतो. श्रेय अर्थातच शेवटच्या उपायाला जाते. आणि आत मेलेल्या मज्जेत संसर्ग शांतपणे मुळाच्या टोकाकडे, तेथून जबड्याच्या हाडात उतरत राहतो. १८३६ मध्ये जर्मन वैद्य लुडविग याने जिभेखाली व मानेत पसरणाऱ्या अशाच एका सुजेचे वर्णन केले. ती बहुधा खालच्या दाढांच्या संसर्गातून उद्भवते, श्वासमार्ग बंद करते, आणि प्रतिजैविके नव्हती तेव्हा बहुतेक रोगी तीत दगावत.

दुखणे थांबले म्हणजे रोग बरा झाला, ही समजूत किडीच्या कल्पनेहून खोल आणि तिच्याहून अधिक जीवघेणी आहे. किडीला तिनेच तारले.

'मग दात का किडतो?' याचे उत्तर मिळायला १८९० हे वर्ष उजाडावे लागले. बर्लिन विद्यापीठात शिकवणारा अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर याने मुखातील सूक्ष्मजीवांवरचा आपला ग्रंथ त्या वर्षी इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्याचे प्रयोग आजही वाचनीय वाटावेत इतके साधे आहेत. काढलेले दात त्याने लाळेत ठेवले आणि त्यात पाव घातला; दात मऊ पडले. पावाऐवजी मांस घातले. दात शाबूत राहिले. लाळ आधी उकळून घेतली. पाव असूनही काही झाले नाही. यावरून तोंडातील सूक्ष्मजीव पिष्टमय व गोड पदार्थ आंबवून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण विरघळवते, असे त्याने मांडले. १९२४ मध्ये लंडनच्या किलियन क्लार्कने किडलेल्या दातांतून एक जिवाणू वेगळा करून त्याला 'स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स' असे नाव दिले.

म्हणजे शेवटी दातात काहीतरी जिवंत होतेच की, असे कोणी म्हणेल. होते, परंतु ते दात खात नव्हते. ते साखर खात होते. शिवाय ते निरोगी माणसाच्या तोंडातही असतात. बॅबिलोनचा कृमी बाहेरून आलेला घुसखोर होता आणि त्याला हाकलले की काम संपत असे. मिलरने दाखवलेली प्रक्रिया रोजच्या जेवणाशी बांधलेली आहे. हाकलण्यासारखे तीत कोणी नाही. ही गोष्ट पचायला जड होती, सुशिक्षितांनासुद्धा.

किती जड, हे पुढच्या प्रकरणातून दिसते. १९१० मध्ये लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण देऊन किडक्या दातांवर बसवलेल्या सोन्याच्या टोप्यांवर व पुलांवर कडाडून टीका केली. त्यांखाली दडलेला संसर्ग सर्व शरीर पोखरतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात तथ्याचा अंश होता. पण पुढच्या दोनतीन दशकांत या विचाराचे साथीत रूपांतर झाले. सांधेदुखी, अपचन, थकवा, काहीही असो, दात काढा. न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी वेडेपणाचे मूळही दातांत शोधले, रुग्णांचे दात सरसकट काढले, आणि तेवढ्याने गुण आला नाही तर टॉन्सिल व मोठ्या आतड्याचे भागही कापले. ८५ टक्के रुग्ण बरे होतात असा त्यांचा दावा होता. फिलिस ग्रीनेकर या तरुण मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने १९२० च्या दशकात नोंदी तपासल्या, तेव्हा दाव्याला आधार सापडला नाही. त्यांचा अहवाल प्रसिद्धच होऊ दिला गेला नाही. कॉटन यांनी आपल्या मुलांचेही दात काढवले होते, म्हणजे तो माणूस लबाड नव्हता. तो बॅबिलोनच्या मंत्रवैद्याइतकाच प्रामाणिक होता: एक लपलेला घुसखोर, एकच जागा, आणि तो काढला की सर्व ठीक.

महाराष्ट्रात आज दातात किडा वळवळतो असे शब्दशः मानणारे थोडे असतील. 'कीड' हा शब्द भाषेत राहिला आहे, आणि राहायला हरकत नाही. परंतु ज्या समजुतीने किडीला तारले ती ठणठणीत आहे. दाढ दुखायची थांबली की दवाखान्याची वेळ रद्द होते. दुधाचा दात किडला तर 'पडणारच आहे' म्हणून सोडून दिला जातो, त्याखाली पक्का दात तयार होत आहे याचा विचार होत नाही.

आणि मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांना-हिरड्यांना लावायची, ही चाल महाराष्ट्रात व गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे, विशेषतः कष्टकरी स्त्रियांत. तिचा परिचय व्यसन म्हणून होत नाही. दंतमंजन म्हणून होतो. दाढ दुखते म्हणून आजी नातीला चिमूटभर देते, ठणका क्षणभर बोथट होतो आणि औषधाची ख्याती पुढच्या पिढीत जाते. धुरीसारखाच हा उपाय पुरावा आपल्याबरोबरच घेऊन येतो. तंबाखू न लावल्यास सकाळी हिरड्या शिवशिवतात, तोंड स्वच्छ वाटत नाही, म्हणजे ती लावणे गरजेचेच आहे असे वापरणारीला मनापासून पटते. धूरविरहित तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निःसंदिग्धपणे नोंदवले आहे.

टूथपेस्ट आणि दंतमंजनांत तंबाखू घालण्यास भारत सरकारने १९९२ मध्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली बंदी घातली. बंदी कारखान्यातून येणाऱ्या डब्या-नळ्यांना लागू आहे. मशेरी घरच्या तव्यावर भाजली जाते.